सव्वा कवडीची मर्यादा

मला कोणी काही द्यायला लागलं की आधी माझ्या तोंडून "नको" बाहेर पडतं आणि मग डोकं चालू होतं. हा आमच्या घराण्याचा आजार आहे. माझे वडील भोरात मुलांना फुकट संस्कृत शिकवायचे आणि गुरुपौर्णिमेला कोणी धोतर-उपरणं आणलं, तर उपरणं ठेवून घेऊन धोतर परत करायचे. मी तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढली. त्यातली काही वेल्ह्याला होते आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्या एकतीस वर्षांत कोणाचा साधा चहासुद्धा प्यायले नाही, हे मी कोणी न विचारता सगळ्यांना सांगत असते.

निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला लागतात, मी कट्ट्याला लागले. कट्टा म्हणजे इंटरनेटवरची लिहिण्या-वाचण्याची जागा. माझा पुण्यातला भाचा प्रद्युम्न, त्याने मला तिथं बसवलं. या कट्ट्याला मालक नाही म्हणे. आपण लिहिलेलं हजारो संगणकांवर कडीला कडी जोडून ठेवलेलं असतं, त्यामुळे ते कोणाला खोडता येत नाही आणि लपवताही येत नाही. वाचकाला लेख आवडला की तो मत देतो आणि मतांप्रमाणे लिहिणाऱ्याला कवड्या मिळतात. कवडी हे तिथल्या नाण्याचं नाव. हे नाव कोणाला सुचलं देव जाणे, पण बाजारात एका कवडीचे पंचवीसेक रुपये येतात.

प्रद्युम्न इंग्रजीत समजावत होता तोवर मला काही कळलं नव्हतं. मग माझं मीच समजून घेतलं. खळ्यावर रोज एक ठरावीक रास पडते. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी लिहिलं, त्या सगळ्यांचे वाटे त्याच राशीतून जायचे. ज्याला जास्त मतं त्याला मोठा वाटा, आणि ज्यांच्या स्वतःच्या पुष्कळ कवड्या साठलेल्या, त्यांचं मतही जड. लेख सात दिवस उघडा राहतो. सातव्या दिवशी जे मिळायचं ते मिळतं, आठव्या दिवशी कोणी हजार मतं दिली तरी काही नाही.

आणि लेखाच्या खाली एक चौकोन असतो. 'या लेखासाठी मी जास्तीत जास्त इतकंच घेईन.' त्यात आकडा घालायचा. मतं कितीही पडोत, त्या आकड्याच्या वरचं सगळं पुन्हा राशीत जातं आणि बाकीच्यांना वाटलं जातं.

हा चौकोन बघून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आमच्या घराण्यासाठीच केल्यासारखा होता. शून्य लिहिणं उद्धटपणाचं वाटलं, म्हणून मी शकुनाचा सव्वा लिहिला. सव्वा कवडी. आणि तेवढ्यावर न थांबता दुसऱ्या दिवशी एक लेखच लिहिला, की विद्या विकायची नसते, म्हणून सौदामिनीबाई फक्त सव्वा घेणार. लोकांनी वाहवा केली. एका लेखाला आकडा घातला की पुढच्या प्रत्येक लेखाखाली तोच आकडा आपोआप येतो, असं प्रद्युम्न म्हणाला होता. मी म्हटलं, बरंच झालं, रोज उठून त्याग करायला नको.

आता सोनबा.

वेल्ह्याला असताना एकदा आषाढात कचेरी सुटली आणि मी छत्री विसरलेली. एसटी स्टॅण्डपर्यंत जायची सोय नव्हती. सातबाऱ्याच्या कामाला आलेला एक उंच, वाळका म्हातारा पायरीवर उभा होता. त्याने आपल्या पाठीवरचं इरलं काढलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. इरलं म्हणजे बांबूच्या बारीक कामट्यांची जाळी विणून, तिच्या दोन थरांमध्ये पळसाची पानं दाबून केलेलं पावसातलं पांघरूण. डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. भात लावणीच्या बायका ओणव्याने तासन् तास काम करतात ते याच्या जिवावर. मी शंभराची नोट काढली. सोनबा म्हणाले, "त्ये ठिवा. इरलं काय, म्होरल्या येळी द्या." पुढली वेळ आलीच नाही, माझी बदली झाली. ते इरलं नऊ वर्षं भोरला माझ्या ओसरीवर टांगलेलं आहे.

या वैशाखात मला त्याच्यावर लिहावंसं वाटलं, म्हणून विंझरच्या वरच्या अंगाला सोनबांची वाडी शोधत गेले. चेलाडीला उतरायचं, वेल्ह्याची एसटी धरायची आणि विंझरपासून पुढं पाय आहेतच. म्हातारा अंगणात कामट्या सोलत बसला होता. मला बघून म्हणाला, "आणलं का इरलं?" मी आणलं नव्हतं.

तिथं मी तीन दिवस गेले. बांबूचा कोवळा कळक का घ्यायचा नाही, पानाचं देठ कुठल्या बाजूला ठेवायचं, जाळीचं भोक केवढं हवं, सगळं लिहून घेतलं. आता सगळीकडे प्लास्टिकचे कागद आलेत. वाडीत इरलं विणणारे सोनबा एकटेच उरलेत.

आणि त्यांची बायको फुलाबाई. पाच वर्षांपूर्वी तिला ऐकू यायचं बंद झालं. कुठल्याशा शिबिरात मिळालेलं मशीन कानात शिट्टी मारायचं, ते तिने फळीवर ठेवून दिलं होतं. त्या घरातलं सगळं बोलणं ओरडून चालायचं. खालच्या वस्तीला वाटतं, सोनबा बायकोला दिवसभर शिव्या घालतो. तो बिचारा विचारत असतो, मीठ कुठं ठेवलंय.

तिसऱ्या दिवशी कामट्या सोलता सोलता सोनबा हळू आवाजात म्हणाले, "बाई, साधं बोलणंच गेलं आमचं. वरडून काय, कामाचंच बोलता येतं. बाकीचं न्हाई वरडता येत."

मी विचारलं, चांगलं मशीन केवढ्याला येतं? त्यांची नात राजनंदिनी आत पोळ्या लाटत होती, ती म्हणाली, "पुण्यात बगितलंय, मावशी. अट्ठावीस हजार." सोनबा एक इरलं पायलीभर तांदळाला देतात, तेही कोणी मागितलं तर.

मग मी फुशारकीने म्हटलं, "सोनबा, हा लेख तुमच्या कामावरचा आहे. याच्यावर जे मिळेल ते सगळं तुमचं. माझा एक पैसा नाही."

सोनबांनी थोडा विचार केला. "माज्या इरल्याचं आसंल तर घीन," ते म्हणाले.

कट्ट्यावर 'वाटेकरी' म्हणून एक रकाना असतो. राजनंदिनीने आपल्या मोबाईलवर आजोबांचं खातं उघडलं आणि मी त्या रकान्यात लिहिलं, सोनबा, शंभर टक्के. दोनदा तपासलं. कारकुनाचा हात आहे, रकाना भरताना चुकत नाही. त्याखालचा चौकोन मात्र मी पाहिला नाही. तो आपोआप भरलेला होता.

रविवारी लेख टाकला. सोमवारी दुपारी आकडा दीडशे कवड्यांवर होता. माझ्या लेखांना एरवी पाच-सात मिळतात. मंगळवारी कोणा परदेशातल्या जड मतवाल्याने तो वाचला, त्याच्या मागून त्याचे चार सोबती आले आणि आकडा सहाशेवर गेला. राजनंदिनीचे दिवसातून तीनदा फोन. "मावशी, सातशे चाळीस झालं!" "मावशी, नऊशे!" बुधवारी रात्री अकराशे वीस ओलांडले. म्हणजे मशीन आलंच.

गुरुवारी आजी-आजोबांना घेऊन ती पुण्याला गेली आणि दुकानात फुलाबाईच्या कानात मशीन बसवून पाहिलं. संध्याकाळी मला सगळी हकीकत फोनवर सांगितली. आधी फुलाबाई पंख्याकडे बघत बसली, त्याचा आवाज येत होता म्हणून. मग सोनबांनी विचारलं, "ऐकू येतंय का गं?" तर ती त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "आवाज म्हातारा झाला की वो तुमचा."

"मावशी," राजनंदिनी म्हणाली. "आता सोमवारी पैसे घेऊन येतो म्हणून सांगून आलोय. दुकानवाल्यानं मशीन बाजूला काढून ठेवलंय."

मी त्या रात्री स्वतःवर इतकी खूश होते की देवाला साखर ठेवली.

शुक्रवारी सकाळी कट्टा उघडला तर लेखाखाली एका वाचकाचा अभिप्राय. 'धन्य आहात ताई! अकराशेपेक्षा जास्त कवड्या जमल्या आणि तुम्ही इथेही सव्वाच घेणार! त्याग असावा तर असा.'

मी तो दोनदा वाचला. मग चष्मा पुसून लेखाच्या तळाशी गेले. मोठ्या अक्षरांत, एक हजार एकशे सत्तर. त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, लेखकाची मर्यादा सव्वा. शंभर टक्के सोनबांना, हे बरोबरच होतं. पण कशाचे शंभर टक्के? सव्वा कवडीचे. एकतीस रुपये. वेल्ह्याच्या स्टॅण्डवर दोन चहा येतात.

मी चौकोन उघडला, सव्वा खोडून दोन हजार लिहिलं आणि बटण दाबलं. लाल अक्षरं आली. 'या लेखाला मतं पडलेली आहेत. मर्यादा कमी करता येईल, वाढवता येणार नाही.'

प्रद्युम्नला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"आत्या, एकदा पहिलं मत पडलं की संपलं. नाहीतर लोक 'मी काही घेत नाही' म्हणून मतं गोळा करतील आणि सहाव्या दिवशी मर्यादा काढून घेतील. म्हणून तो नियम आहे."

"नियम चांगलाच आहे," मी म्हटलं. "पण माझी चूक खरी आहे. अर्ज कोणाकडे करायचा?"

"कोणाकडेच नाही. तिथं साहेब नसतो."

एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आले, मुदत संपली, नियमात बसत नाही. तेव्हा चिडायला निदान मी तरी समोर बसलेली असायचे. इथं चिडायलासुद्धा कोणी नव्हतं.

प्रद्युम्न म्हणाला, "दुसरा लेख लिही. काय झालं ते खरं खरं सांग आणि मर्यादा काढून टाक. लोक देतील."

"लोकांपुढे पदर पसरू? मी?"

"आत्या, त्यात काय..."

"नको," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुपारी बँकेत जाऊन माझ्या ठेवीतले अट्ठावीस हजार काढले. पाकिटात घातले. ठरवलं, की कट्ट्याचेच पैसे आले म्हणून सांगायचं. खोटं बोलायची मला सवय नाही, म्हणून एसटीत चेलाडीपर्यंत मनात घोकत होते, 'सोनबा, हे तुमच्या इरल्याचे.' शनिवारी अकराच्या सुमारास वाडीत पोचले. सोनबा अंगणात, फुलाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत, राजनंदिनी हातात मोबाईल घेऊन. मला बघून तिघांची तोंडं फुलली. मी पाकीट काढलं.

"सोनबा, हे तुमच्या इरल्याचे. कट्ट्यावरून आले."

सोनबांनी हात पुढं केला, आणि राजनंदिनी म्हणाली, "पण मावशी, सात दिवस उद्या होतात ना? आणि त्या लेखाखाली बारीक अक्षरात सव्वा लिहिलंय, ते काय? मी कालपासून विचारीन म्हणत होते."

पोरीच्या मनात काही नव्हतं. तिने साधं विचारलं. पण कट्ट्यावर काही लपत नाही ही त्याची मोठी थोरवी, असं मीच तिला पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं. मी पायरीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. वडिलांचं धोतरसुद्धा सांगितलं, कशाला ते माझं मला माहीत.

सोनबांनी हात मागे घेतला. रागाने नाही, हळूच.

"मंजी ह्ये पैसं तुमचं हायेत."

"माझेच, पण तुमच्या हक्काचे. माझ्यामुळं गेले."

"न्हाई बाई. इरल्याचं आसतं तर घेतलं आसतं. ह्ये न्हाई घेता यायचं."

"मग मी इरली विकत घेते. पायलीचा जो काय भाव असेल त्यानं, जेवढी होतील तेवढी."

"पाठ एकच हाय तुमाला," सोनबा म्हणाले. "आन एक तुमच्याकडं हाय बी."

त्यांनी पुन्हा कामटी हातात घेतली, पण ती सोलली जाईना. सोमवारी दुकानवाला मशीन परत कपाटात ठेवणार आणि या घरात पुन्हा मीठ कुठं आहे एवढंच बोलणं उरणार. मला माझी इतकी लाज वाटली, की उठून चालतं व्हावं.

पण उंबऱ्यातून फुलाबाई बघत होती. पाच वर्षं माणसांची तोंडं वाचून ती त्यात तरबेज झाली होती. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "काय झालं? कोन गेलं का?"

राजनंदिनी तिच्या कानाशी जायला निघाली. सोनबांनी तिला हाताने थांबवलं.

"तू नको," ते म्हणाले. "बाईच सांगतील."

मी फुलाबाईजवळ गेले, तिच्या कानाशी वाकले आणि माझ्या कचेरीतल्या आवाजात म्हटलं, "माझी चूक झाली." ती माझ्याकडे बघत राहिली. मी जरा मोठ्याने म्हटलं. ती म्हणाली, "आं?"

मग मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "चूक झाली माझी! तुमच्या मशीनचे पैसे मी घालवले!"

समोरच्या घरातून ठकुबाई बाहेर आली. "काय झालं गं फुले?"

"आं?" फुलाबाई म्हणाली.

"पैसे आले होते! मी मिजाशीनं सव्वाच घेईन म्हणून लिहून ठेवलं होतं! त्यानं तुमचे गेले! मला माफ करा!"

आता वाडीतली सगळी दारं उघडली होती. वरच्या शेतात गुरं वळणारा माणूससुद्धा थांबला होता. सोनबा म्हणाले होते, बाकीचं न्हाई वरडता येत. खरं होतं. ओरडता ओरडता माझे डोळे वाहायला लागले, आणि 'माफ करा' हे मी आणखी दोनदा ओरडले, तिला पहिल्या वेळीच ऐकू गेलं होतं तरी.

फुलाबाईने पदराने माझं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं. मग माझ्या हातातल्या पाकिटाकडे बोट केलं.

"आन ह्ये काय?"

"माझे पैसे! सोनबा घेत नाहीत!"

तिने पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं आणि कनवटीला लावलं. सोनबा "अगं" म्हणून उठले. ती त्यांच्याकडे वळली.

"तुमी गप ऱ्हावा. ह्यांना कुनाचं काय घ्यायला येत न्हाई, म्हून ह्ये झालं. आन तुमी बी तसलंच. दोगं एका माळंचं मनी. मला ऐकायचंय. म्या घेनार."

सोनबा खाली बसले.

मग ती मला म्हणाली, "फुकट न्हाई घेत, बाई. भात झाला की या. आमी द्येऊ ते घ्यायचं. आन नको म्हनायचं न्हाई. कबूल?"

माझ्या तोंडात "नको" आलंच होतं. ते मी गिळलं आणि मान हलवली.

रविवारी रात्री लेखाचे सात दिवस भरले. राजनंदिनीच्या मोबाईलवर सव्वा कवडी आली. बाकीच्या अकराशे अडुसष्ट आणि वर काही, राशीत परत गेल्या. कोणाकोणाच्या वाट्याला थोड्या थोड्या गेल्या असतील, त्यांचं भलं होवो. सोमवारी फुलाबाईचं मशीन आलं. मी बुधवारी तो चौकोन रिकामा केला. त्याग सोडताना काय वाटलं ते इथं लिहीत नाही, बरं वाटलं नाही एवढंच सांगते.

दिवाळी झाली, आणि राजनंदिनीचा फोन आला, आजी बोलावतेय. या खेपेला मी भिंतीवरचं इरलं बरोबर घेतलं, नऊ वर्षांनी परत करायला. एसटीत ते मांडीवर घेऊन बसले, तर कंडक्टरने वर-खाली बघितलं आणि तिकीट फाडलं.

अंगणात इंद्रायणीची पोती लावलेली होती. सोनबांनी इरलं उलटंसुलटं करून पाहिलं, म्हणाले, "पानं गेलीत. बसवून देतो, घिऊन जा." मी "न..." म्हणाले आणि थांबले.

मी घरून एक छोटी पिशवी नेली होती, मुद्दाम छोटी. फुलाबाईने ती बघितली, आत गेली आणि बाजाराची मोठी पिशवी घेऊन आली. पोत्यापाशी बसली आणि मापटं भरून ओतायला लागली. एक, दोन, तीन, चार. नवीन तांदळाचा वास सुटला होता.

"पुरे," मी म्हटलं.

पाचवं मापटं पडलं. सहावं.

"फुलाबाई, पुरे! मी एकटी आहे, किती खाणार?"

सातवं. मला वाटलं मशीन काढून ठेवलंय. वाकून पाहिलं, तर ते कानात होतं.

दारात सोनबा उभे होते. "ऐकू येतंय तिला," ते म्हणाले, अगदी हळू. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना आजवर एकदाच ऐकलं होतं. "रातच्याला मी कूस बदलली तरी ऐकू येतं."

फुलाबाईने वर न बघता आठवं मापटं भरलं.

"पिशवी नीट धरा," ती म्हणाली.

मी दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं.